भट्टीमागच्या खोलीतला गार चहा

प्रिय रोहिणी आणि निखिल,

तुमच्या आईचं पत्र परवा आलं. तुमच्या बाबांना, म्हणजे माझ्या अरुणला, मधुमेह निघाला आहे हे तिने एका ओळीत लिहिलं आणि पुढची दोन पानं तुमच्या शाळेविषयी लिहिली. घाबरलेली माणसं असंच लिहितात. खाली रोहिणीने स्वतःच्या अक्षरात विचारलं आहे, "आजी, तुलाही हेच झालं होतं ना? मग तू काय प्यायचीस? बाबा फ्रिज उघडून नुसते उभे राहतात आणि परत बंद करतात."

ते वाचून लगेच लिहायला बसले. तुमच्या बाबांना हे सगळं धड माहीत नाही. तो तेव्हा पुण्याला कॉलेजात होता आणि आम्ही त्याला सगळं ठीक आहे असंच कळवत होतो. आता त्यालाही कळलेलं बरं.

इंग्रजीत लिहिलं असतं तर परदेशात वाढणाऱ्या तुम्हाला सोपं गेलं असतं. मी इंग्रजी घेऊनच शिकले. पण या हकिकतीत जी माणसं बोलतात त्यांच्या तोंडी मला इंग्रजी घालता येत नाही, विशेषतः तुमच्या पणजीच्या. तेव्हा आई वाचून दाखवेल तसं ऐका.

दार एकच

लोणावळ्याच्या बाजारात आमचं चिक्कीचं दुकान होतं. पुढे दुकान, मधे भट्टी, भट्टीमागे आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मागच्या दारी उतार आणि त्याच्या कडेला करवंदीची जाळी. तो उतार इतका उभा की धडधाकट माणूसही त्या वाटेने जात नसे. रस्त्यावर जायचं तर भट्टीतूनच. तिथे दिवसभर कढया चढलेल्या असायच्या, गुळाचा पाक खदखदत असायचा, शेंगदाणे भाजले जात असायचे. पाहुणे आत शिरले की म्हणायचे, "काय सुंदर वास येतो हो तुमच्याकडे!" मला लग्नानंतर पहिल्या वर्षातच तो वास येईनासा झाला होता. आजारपणात तो परत आला आणि मग जाईना.

घरात एक रीत होती. गुळाची नवी ढेप फोडली की तिच्या पहिल्या घाण्याचा तुकडा घरच्या सुनेने चाखायचा. गूळ कधी खारट निघतो, कधी जुना, कधी त्यात मळी राहिलेली असते. एक वाईट ढेप सगळ्या दिवसाचा माल घालवते. "पुस्तकं वाचलेली सून आमच्या काय कामाची," असं म्हणणाऱ्या सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या पणजीने, माझी जीभ मात्र सुरुवातीपासून मानली. मी मान हलवल्याशिवाय पहिला घाणा दुकानात जात नसे. त्या घरात माझं असं हे एवढंच काम होतं, आणि मला ते आवडत होतं.

तहान

आजार आधी तहानेच्या रूपाने आला. फाल्गुनातल्या सकाळी, हवेत गारवा असताना, मी तांब्यामागून तांब्या पाणी पीत होते. पाणी पोटात जायचं, पण तोंड कोरडंच राहायचं. सासूबाई म्हणाल्या, "भट्टीजवळ राहून उष्णता झाली असेल." सब्जाचं बी भिजवून दिलं, वाळ्याचं सरबत दिलं. दोन्हीत साखर. मी प्यायले आणि आणखी मागितलं.

मग एके दिवशी तुमच्या आजोबांना जेवायला बोलवायला भट्टीत गेले. माणसं कढई उतरवत होती. पाकाचा एक शिंतोडा उडून माझ्या उजव्या पायाच्या करंगळीवर पडला. पाक उकळत्या पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटतो आणि आत आत भाजत राहतो. भट्टीतल्या प्रत्येकाच्या हातावर तसे डाग होते, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मलम लावलं. बाकीच्यांचे डाग भरून येत, माझा येईना. तो ओला राहिला, मग कडेने काळपट झाला.

डॉक्टर

बाजारातल्या डॉक्टरांनी पाय पाहिला, तहानेविषयी विचारलं आणि लघवी तपासायला मागितली. एका नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग विटेसारखा रंग येऊन थांबला.

"बाई, डायबेटिस आहे. गोड बंद करा. आणि पाय सांभाळा. साखर खाली आली नाही तर ही जखम भरायची नाही."

मला विचारायचं होतं की मी किती दिवस जगेन. तोंडातून निघालं, "चहा चालेल का?"

डॉक्टर हसले. "चालेल की. बिनसाखरेचा."

बिनसाखरेचा चहा म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे चहा म्हणजे दूध आणि साखर, त्यात थोडी पत्ती. तुमचे आजोबा आणि मी घरी आलो तेव्हा भट्टीत नवी ढेप फुटली होती. नेहमीच्या माणसाने कागदावर तुकडा पुढे केला. "वहिनी, चाखा." मी तुमच्या आजोबांकडे पाहिलं. त्यांनी तो तुकडा घेतला आणि स्वतःच खाल्ला. "बरा आहे," म्हणाले. त्यांना गुळातलं काही कळत नसे.

मी मागच्या खोलीत जाऊन पाय स्टुलावर ठेवून बसले. मधे दवाखान्यात काढलेले दिवस सोडले तर त्यानंतर बरेच महिने मी तिथेच होते.

गूळ

साखर घरातून बंद झाली. सासूबाईंनी ते काम चोख केलं. साखरेचा डबा दुकानात नेऊन ठेवला, मला पेढ्याचं दर्शनही होऊ दिलं नाही. आणि माझ्या चहात, काढ्यात, पाण्यात गूळ घालायला सुरुवात केली.

मी एकदा म्हटलं, "आई, डॉक्टरांनी गोड बंद सांगितलंय."

"ते पेढे, जिलबी, ती पांढरी साखर. गूळ औषधी असतो. बाळंतिणीला देतो आपण. तुला अरुणच्या वेळी दिला नव्हता? मग?"

तुमच्या आजोबांना पटलं. शेजाऱ्यांना पटलं. मलाही पटलं. आमच्या घरात गुळाने कुणाचं वाईट होईल हा विचार करायला जागाच नव्हती. ज्याच्यावर आम्ही सगळे जगत होतो, ज्याच्या पहिल्या ढेपेला पाडव्याला कुंकू लावत होतो, तो मला का बाधेल? तहान लागली की सासूबाई स्वतः उठून गूळपाणी करून द्यायच्या. प्रेमाने द्यायच्या. मी जितकं पीत गेले तितकी तहान वाढत गेली, आणि करंगळी काळी पडली.

तळेगाव

मला तळेगावच्या एका दवाखान्यात ठेवलं. करंगळी काढली. शुद्धीवर आल्यावर सर्जन खाटेशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बोट गेलं त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आता ही जखम भरायला हवी. ती वर सरकली तर पुढच्या वेळी घोट्यापासून काढावं लागेल." एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. ते असं सरळ बोलले याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्या दिवसापासून मला नेमकं माहीत होतं की मी कशासाठी झगडते आहे. पायासाठी.

वॉर्डातला दिवस ठरलेला असे. सकाळी स्टीलच्या डब्यात काचेची सुई-पिचकारी उकळत ठेवायचे, तिचा खडखड आवाज आला की मी बाही वर सरकवत असे. मग नळी आणि दिवा. मग इन्शुलिनचं इंजेक्शन. मग मोठ्या किटलीतून चहा यायचा, दूध-साखर घातलेला, आणि माझी खाट वगळून पुढे जायचा. खिडकीतून रेल्वेचा रूळ दिसत होता. लोणावळ्याकडे जाणारी गाडी निघाली की मी तोंड फिरवत असे. घरी जावंसं वाटत होतं आणि घर म्हणजे काय हेही आठवत होतं.

वैशाखाचा उकाडा होता. तोंडाला कोरड. साधं पाणी पिऊन पिऊन त्याचा वीट आला होता. वॉर्डातल्या सिस्टर वसईकडच्या होत्या, जाड चष्मा, चालताना चपलांचा आवाज. एका दुपारी त्यांनी माझ्यासमोर काचेचा पेला ठेवला. तांबूस पाणी, त्यात लिंबाची साल आणि बर्फाचा खडा. बर्फ औषधांच्या पेटीतला होता.

"हे काय?"

"किटलीत दूध पडायच्या आधी थोडा चहा बाजूला काढून ठेवला होता. गार झाला. प्या आणि कुणाला सांगू नका, नाहीतर सगळा वॉर्ड मागेल."

मी प्यायले. जरा कडवट, जरा आंबट, आणि गार. बऱ्याच दिवसांनी तोंडात पाण्याखेरीज दुसरी काही चव आली होती. मला रडू आलं. सिस्टर म्हणाल्या, "रडून लिंबू वाया घालवू नका."

डबा

इंजेक्शनं सुरू झाल्यावर नळीतला रंग हिरव्यापर्यंत उतरला होता. एका सकाळी तो एकदम विटकरी आला. सिस्टरांनी नळी उजेडात धरली, मग माझ्याकडे पाहिलं, मग खाटेखाली वाकल्या. तिथे सासूबाईंनी आदल्या दिवशी आणलेला डबा होता.

सासूबाई आणि तुमचे आजोबा त्या दिवशीही आले होते. सर्जनसाहेबांना बोलावलं गेलं. डब्यात डिंकाचे लाडू होते.

"आजी, यात काय आहे?"

"डिंक, खोबरं, खारीक. साखरेचा कणही नाही हो! शपथ."

"मग गोड कशाने झाले?"

"गुळाने."

सर्जनसाहेबांनी एक लाडू फोडून पाहिला. "घरीही गूळ देत होता?"

"देत होते म्हणजे? सारखा देत होते. अशक्त झाली आहे ना ती!"

"आजी, तुमचा व्यवसाय काय?"

"चिक्कीचा."

सर्जनसाहेबांनी डबा झाकला आणि माझ्या नवऱ्याकडे वळून शांतपणे सांगितलं की गूळ आणि साखर यांत माझ्या रक्ताला काही फरक कळत नाही. तुमचे आजोबा खाली बघत उभे राहिले. सासूबाईंनी डबा उचलला. जाताना दाराशी मला म्हणाल्या, "शिकलेली माणसं आहेत, म्हणतायत तर नाही देणार. पण गुळाचं नाव खराब करतायत हे मला पटलेलं नाही."

परत त्याच खोलीत

मला घरी सोडलं. पायाला पट्टी, चालायची मनाई, जखम उघडीच, आणि बरोबर रोजच्या इन्शुलिनची सुई-पिचकारी, नळी आणि दिवा. भट्टीतून मला खुर्चीवर बसवून आत नेलं. पाकाचा वास पायापासून डोक्यापर्यंत अंगावर आला, आणि मागचं दार लागल्यावर तो माझ्याबरोबर आतच राहिला.

ज्या माणसाला उठता येत नाही त्याला पेलाभर पाणीसुद्धा दुसऱ्याच्या मर्जीने मिळतं. मी हाक मारायची, भट्टीच्या आवाजात ती विरून जायची. सीझन होता, मुंबईची गिऱ्हाइकं दारात दाटलेली असायची, कुणाला सवड नसे. मी भिंतीवरचा ओलीचा डाग पाहत बसे. त्या डागाला किती आकार असतात ते मला विचारा.

मला सिस्टरांचा चहा हवा होता. पण नुसत्या लिंबाचा तळेगावला पिऊन पिऊन कंटाळले होते. मागच्या जाळीला करवंदं आली होती, जांभळं बाजारात होती, कैऱ्या होत्या. फळ खायचं नव्हतं, त्याचा नुसता वास आणि आंबटपणा चहात उतरवायचा होता. मी सासूबाईंना सांगितलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"आंबट? उघड्या जखमेवर? चिघळेल! आणि वर बर्फ! पाय घालवायचाय का तुला?"

आमच्याकडे जखम असली की आंबट वर्ज्य. चिंच, ताक, लिंबू, सगळं बंद. म्हणजे माझ्यासमोर अशी स्थिती होती की गोडाने पाय जाईल हे डॉक्टर सांगत होते आणि आंबटाने पाय जाईल हे घर सांगत होतं. मधे फक्त साधं पाणी उरलं होतं.

ठकूबाई जवळच्या औंढे गावची. आमच्याकडे शेंगदाण्यांची सालं पाखडायला यायची. उरलेल्या वेळात मागच्या दारात टेकायची आणि माझ्याशी गप्पा मारायची. तिला मी करवंदं मागितली.

"म्हातारी न्हाई ना हितं?"

"दुकानात आहेत."

"आनते. पर माझं नाव नका घेऊ बाई. मागं येकदा तिच्या घाण्यात खडा निघाला तर आठ दिस बोलली न्हाई माझ्यासंगं. ही तर सून हाय, खडा न्हाई!"

"पाणी उकळून पत्ती टाकशील?"

"टाकते की. पर साखर न्हाई, दूध न्हाई, ह्याला च्या कोण म्हनंल?"

तिने पळसाच्या पानात करवंदं आणली, मी सांगितलं तसा चहा केला आणि बरणी माझ्या खाटेखाली ठेवली. स्वतः घोटभर पिऊन पाहिला. तोंड वाकडं केलं. "औषिद हाय व्हय हे? लय आंबट." मग आणखी एक घोट घेतला. "पर गार हाय."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना बरणी सापडली. त्यांनी ती मागच्या उतारावर ओतली.

नखाएवढा

त्या दुपारी मी पाणीसुद्धा मागितलं नाही. सासूबाईंना ते लागलं असावं. संध्याकाळी त्यांनी स्वतः काढा करून आणला. गवती चहा, आलं, तुळस. "घे. आंबट नाही, गोड नाही. पी आता, तोंड सुकलंय तुझं."

मी एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"आई, ही ढेप कालची नाही. आज फोडलेली आहे. जरा खारट आहे, पहिला घाणा कुणी चाखला?"

सासूबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "नखाएवढा घातला ग. तुझ्याकडे बघवत नाही."

मला राग आला नाही. दमले होते मी. त्या माझा पाय घालवत होत्या आणि त्यांना माझा पाय हवा होता, दोन्ही खरं होतं. मी तो पेला पुरा प्यायले. तास-दीड तासाने म्हणाले, "आज माझी तपासणी तुम्ही करा. दिवा पेटवा आणि नळी तुम्ही धरा."

रोज ते काम तुमचे आजोबा करत. सासूबाईंना ते सगळं विटाळाचं वाटे, त्या खोलीबाहेर जात. त्या दिवशी नाही म्हणाल्या नाहीत. मी काय किती घालायचं ते सांगितलं. त्यांनी नळी चिमट्यात धरून ज्योतीवर फिरवली. हात अजिबात थरथरत नव्हता. जन्मभर कढईशी उभं राहिलेल्या त्या.

निळं हिरवं झालं. "थांबू?" "नाही." पिवळं झालं. मग नारिंगी. मग तो दाट, लालसर तपकिरी रंग खालून वर चढला.

सासूबाई नळी घेऊन भट्टीच्या दाराशी गेल्या. तिथे कढई चढलेली होती, माणसं पाक घोटत होती. त्यांनी नळी वर धरली, कढईकडे पाहिलं, परत नळीकडे पाहिलं. पाक कधी उतरवायचा हे त्या रंगावरून सांगत. थेंब पाण्यात टाकून पाहायची गरज त्यांना क्वचित पडे.

"सुमती," त्या म्हणाल्या. एरवी त्या मला सूनबाई म्हणत. "हा उतरवायच्या वेळचा पाक आहे."

"हो."

"हा तुझ्या अंगातून आला?"

"हो, आई."

"एवढ्या नखातून?"

 त्यांनी नळी जपून स्टँडमध्ये ठेवली, जणू ती सांडली तर आणखी काही होईल. खाटेच्या कडेला बसल्या. मग म्हणाल्या, "ते तुझं आंबट पाणी कसं करतात ते सांग. पण पाय चिघळला तर मी ऐकून घेणार नाही."

कसा करायचा

रोहिणी, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नीट ऐक.

पाणी खळखळून उकळावं आणि खाली उतरवावं. मग त्यात पत्ती घालावी, विस्तवावर असताना नाही, नाहीतर कडू होतो. झाकून ठेवावं, रंग सुंदर आला की लगेच गाळावं. पत्ती नेहमीच्या चहापेक्षा कमी.

फळ अख्खं घालायचं नाही आणि पिळून रसही काढायचा नाही, साखर रसात असते. मूठभर करवंदं किंवा दोन-चार जांभळं जराशी चेपून स्वच्छ फडक्यात सैल बांधावीत आणि चहा कोमट असतानाच ती पुरचुंडी त्यात सोडावी. रंग आणि वास उतरला की काढून टाकावी. कैरीची नुसती साल पुरते. लिंबाची साल, पांढरा भाग काढून. काहीच नसेल तेव्हा एक आमसूल. एक आल्याची चकती, चिमूटभर मीठ. तुमच्याकडे करवंदं मिळणार नाहीत. तिकडे ज्या आंबट बेरी मिळतात त्या दोन-चार चालतील. पिकलेला आंबा, केळं, द्राक्षं नकोत.

पितळी भांड्यात ठेवायचा नाही, कल्हई खाऊन टाकतो. काचेची बरणी. आणि बर्फ.

आमच्याकडे फ्रिज नव्हता. समोर हसनभाईंचं सोडा-लेमनचं दुकान होतं. बर्फाच्या लाद्या त्यांच्याकडे भुशात आणि पोत्यात गुंडाळून ठेवलेल्या असत. सासूबाई स्वतः जाऊन आणायच्या. पुढे आषाढ लागला, धुकं खोलीत शिरायला लागलं, कपडे वाळेनात, तरी त्या बर्फाला जायच्या. हसनभाई म्हणायचे, "मावशी, लोकं माझ्याकडे शेकायला येतायत आणि तुम्ही बर्फ मागताय?" सासूबाई म्हणायच्या, "आमच्या घरात भट्टी आहे, शेकायला तुझ्याकडे कशाला येऊ?"

एक गोष्ट तुमच्या बाबांना बजावून सांगा. या चहाने आजार बरा होत नाही. मला इंजेक्शनने आणि पट्टीने वाचवलं. त्याने काय खावं, काय प्यावं हे त्याच्या डॉक्टरांना विचारावं. चहाने एवढंच केलं की तहान लागली तेव्हा मला काहीतरी चवीचं, माझं स्वतःचं असं पिता आलं, आणि त्यामुळे बाकीचं सोसता आलं.

निळा

आंबट चहा सुरू झाल्यावर जखम चिघळली नाही. सासूबाई पट्टी बदलताना रोज वाकून पाहायच्या, वास घ्यायच्या. तपासणी आता त्यांनीच घेतली होती. एका सकाळी नळी उकळली आणि रंग बदललाच नाही. निळा तो निळाच.

त्या नळी घेऊन थेट भट्टीतून दुकानात गेल्या. मला आतून आवाज ऐकू आला. "बघा! बघा हे! सुनेची लघवी निळी आली!"

"आई, अगं गिऱ्हाईक आहे!" हा तुमच्या आजोबांचा आवाज.

"असू दे की! त्यांनाही बघू दे!"

मुंबईच्या कुणा गृहस्थाने अभिनंदन केलं म्हणे, आणि चिक्की न घेता गेला.

पण इन्शुलिन घेणाऱ्याला कधी उलटंही होतं. एकदा मला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, शब्द जुळेनात. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, असं झालं की लगेच थोडं गोड द्या. सासूबाईंनी पदराची गाठ सोडली. त्यात चिक्कीचा तुकडा होता. तेव्हापासून मरेपर्यंत त्यांच्या पदराला माझ्यासाठी तो तुकडा बांधलेला असे. बाकीच्या वेळी मात्र त्यांनी माझ्यासमोर कधी गुळाचं नाव काढलं नाही. पहिला घाणा त्या स्वतः चाखू लागल्या. त्यांना माझ्याइतका कळत नसे, आणि हे त्या मला विचारून मान्य करत. मी नुसता रंग आणि वास पाहून सांगत असे.

श्रावण गेला, भाद्रपद गेला. मी त्याच खोलीत होते. पाऊस एवढा की मागचं दार उघडता येत नव्हतं आणि पुढचं दार भट्टीत उघडत होतं. कधी कधी मला वाटे की पाय राहील, पण मी इथून बाहेर कधीच पडणार नाही. नवरात्रात जखमेवर कातडी आली. गुलाबी, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. डॉक्टरांनी बोटाने हलकेच दाबून पाहिलं आणि म्हणाले, "झालं. आता चाला."

दसऱ्याला मी सासूबाईंचा हात धरून भट्टीतून चालत रस्त्यावर आले. ठकूबाई सुपात दाणे घेऊन बसली होती. "आली व्हय बाई भाईर?" म्हणाली. "म्हातारे, आता तरी सांगू का करवंदं कुनी आनलेली?"

"मला तेव्हाच माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "पळसाचं पान बरणीखाली विसरलीस."

त्याला आता बरीच वर्षं झाली. सासूबाई गेल्या, ठकूबाई गेली. भट्टी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला नेली, त्या जागी आता गोदाम आहे. मी अजून मागच्याच खोलीत राहते, पण गोदामाच्या कडेने बोळ काढला आहे, दार आता रस्त्यावर उघडतं. रोज सकाळी सुई टोचते, रोज नळी तापवते. आजार आहे. काचेची बरणी आहे, झाकणाला तडा गेला आहे. जाळी आहे आणि यंदाही तिला करवंदं आली आहेत. उजवा पाय आहे, चार बोटांचा. आज सकाळी करवंदं तोडायला मी त्याच पायाने गेले होते.

तुमची,
आजी